रात्रीचा सूर : एकांतासाठी संगीत निवडताना

अमरावतीहून नागपूरच्या दिशेने निघाल्यावर तिवसा तालुक्यात गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये येथे आश्रमाची स्थापना केली. पहाटेचे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळची सामुदायिक प्रार्थना हा येथील दिनक्रमाचा कणा होय. खंजिरीच्या एका थापेवर हजारोंचा समुदाय एका लयीत आणण्याचे महाराजांचे सामर्थ्य वऱ्हाडातील जुन्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवले. ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत भजनाच्या प्रभावाला जसे स्वतंत्र स्थान आहे, तसेच ते वैवाहिक जीवनालाही आहे.

याच अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी कविवर्य सुरेश भट यांचा जन्म झाला. मराठी घरांतून दिवे मालवल्यानंतर हळू आवाजात जी गाणी ऐकली गेली, त्यांतील कितीतरी भटांच्या लेखणीतून उतरलेली आहेत. प्रार्थनेचा हेतू वेगळा आणि प्रणयगीताचा वेगळा. त्यांची सरमिसळ करण्याचे कारण नाही. मात्र सूर आणि लय यांनी मन एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेता येते, हे सूत्र दोहोंत समान आहे. फरक इतकाच, की सायंकाळच्या प्रार्थनेची रीत ठरलेली असते. रात्री दहानंतर पती-पत्नीच्या वाट्याला येणाऱ्या तासाभराची कोणतीच रीत ठरलेली नसते. तो तास बहुधा दूरचित्रवाणीच्या बातम्या, मुलांचा गृहपाठ आणि उद्याच्या डब्याची चिंता यांत संपून जातो.

शहरी घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. दोन खोल्यांच्या सदनिकेत दिवाणखान्यात आई-वडील झोपतात, आतल्या खोलीत मुले असतात किंवा पलीकडेच असतात. भिंती पातळ असतात. अशा घरात विवाहित जोडप्याला मोकळेपणी बोलणेही अवघड होते, मग बाकीचे दूरच. म्हणून शयनगृहातील संगीत ही चैनीची किंवा चित्रपटातून उचललेली कल्पना आहे, असे समजणे बरोबर नाही. अनेक घरांत ते सर्वप्रथम पडद्याचे काम करते. त्या पडद्याआड जवळीक निर्माण होईल की नाही, हे मात्र कोणते संगीत, किती आवाजात आणि मुख्य म्हणजे कोणाच्या पसंतीने लावले, यावर अवलंबून राहते.

खुंटीवरची वीणा

शृंगारासाठी संगीताची योजना ही पाश्चात्त्यांची देणगी नव्हे. साधारणतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वात्स्यायनाच्या कामसूत्रात नागरकाच्या शय्यागृहाचे वर्णन येते. त्यात शय्या, फुले, सुगंधी द्रव्ये यांच्याबरोबर हस्तिदंती खुंटीवर टांगलेल्या वीणेचाही उल्लेख आहे. चौसष्ट कलांच्या यादीचा आरंभच गीत, वाद्य आणि नृत्य यांनी होतो. विशेष म्हणजे समागमाच्या आरंभी आणि शेवटी काय असावे याचे वेगळे प्रकरण वात्स्यायनाने लिहिले असून, फुलांनी आणि धुपाने सिद्ध केलेल्या दालनातील गायन-वादनाला त्यात स्थान दिले आहे.

नाट्यशास्त्रात भरतमुनींनी स्वरांची रसांशी सांगड घातली. मध्यम आणि पंचम हे स्वर शृंगार व हास्य या रसांना, तर गांधार आणि निषाद करुणाला पोषक, असा तो विचार आहे. आजच्या गायनात रस ठरतो तो रागाच्या चलनावरून, उच्चारावरून आणि लयीवरून, केवळ एखाद्या स्वरावरून नव्हे. त्यामुळे भरताची ही वाटणी जशीच्या तशी लागू करता येत नाही. तरीही शृंगार आणि हास्य हे दोन रस त्याने एकाच स्वरांवर बसवले, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. हसू न येणारा प्रणय फार गंभीर होऊन बसतो.

प्रहर सांभाळावा का?

हिंदुस्थानी संगीतात रागांना वेळा ठरवून दिलेल्या आहेत आणि रात्रीच्या वाट्याला फार समृद्ध राग आले आहेत. पहिल्या प्रहरी यमन, दुसऱ्या प्रहरी खमाज आणि बिहाग, मध्यरात्रीच्या सुमारास बागेश्री, त्यापुढे मालकंस आणि दरबारी कानडा. यांपैकी शेवटचे दोन राग भव्य आणि गंभीर आहेत. ते एकट्याने ऐकण्यासाठी अप्रतिम. दोघांच्या हलक्या गप्पांखाली मात्र ते जड पडतात. बिहागात प्रसन्नता आहे, खमाजात लडिवाळपणा आहे. ठुमरीने खमाज, पिलू, काफी यांना जवळ केले ते उगाच नाही. बागेश्रीत ओढ असते. प्रियकराची वाट पाहणाऱ्या स्त्रीशी हा राग परंपरेने जोडला गेला आहे.

प्रहर पाळलाच पाहिजे असा दंडक घरात कोणी लावू नये. पण परंपरेत एक व्यावहारिक शहाणपण दडलेले आहे: दिवसाच्या धावपळीचा राग रात्री नको. १९६७ मध्ये निघालेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अनेकांच्या संग्रही आहे. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पंडित हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांनी तीत मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रंगवला आहे. शयनगृहासाठी ही ध्वनिमुद्रिका वारंवार सुचवली जाते आणि हौशी मंडळी ती आरंभापासून लावतात. आरंभ अहिर भैरवाने होतो, म्हणजे रात्री अकराला पहाट उजाडते. भूप, देस आणि पहाडी यांचा उत्तरार्ध लावणे अधिक इष्ट.

रेडिओने दिलेली सवय

सामान्य मराठी घरात मैफल नव्हती, वीणाही नव्हती. तेथे रात्रीचे संगीत आले ते तबकडीने आणि रेडिओने. त्यातही वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथे वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांचे शीळेचे गीत जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रित केले आणि मराठी भावगीताचे युग तेथून सुरू झाले, असे मानले जाते. पुढे गजानन वाटवे यांच्यासारख्या गायकांनी ते घरोघरी पोहोचवले. भावगीत हे नाटकातील पदासारखे प्रेक्षागृहाला उद्देशून नव्हते. ते एकाने एकाशी बोलावे तसे होते. ध्वनिक्षेपकाजवळ हळू गाता येऊ लागले, म्हणूनच हे शक्य झाले.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. 'छायागीत', 'बेला के फूल' या रात्रीच्या कार्यक्रमांनी हिंदी चित्रपटगीतांतील संथ, तरल गाणी झोपण्यापूर्वीच्या वेळेशी कायमची जोडून टाकली. रेडिओचा एक मोठा गुण असा, की गाणी कोणीतरी तिसऱ्याने निवडलेली असत. नवरा-बायकोपैकी कोणालाच पुढाकार घेतल्याचा संकोच नव्हता. उशाशी रेडिओ सुरू ठेवणे ही साधी कृती होती, तिचा अर्थ लावायचा तर लावावा, नाही तर गाणे ऐकत झोपी जावे. कॅसेट आली आणि निवड स्वतः करावी लागली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासात संपे आणि खट् असा आवाज करून यंत्र थांबे. हा खट् आवाज आठवणारी पिढी आता साठीकडे झुकली आहे.

गाण्यात बोलते कोण?

सुरेश भटांच्या रात्रगीतांचे महत्त्व येथे कळते. 'मालवून टाक दीप' हे लता मंगेशकर यांनी, तर 'तरुण आहे रात्र अजुनी' हे आशा भोसले यांनी गायिले. दोहोंचे संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे. 'मलमली तारुण्य माझे' हे 'घरकुल' (१९७०) चित्रपटातील गीत आशाबाईंनीच सी. रामचंद्र यांच्या संगीतात गायिले. तिन्ही गीतांत बोलते ती स्त्री. तिची इच्छा ती स्वतःच्या तोंडाने, लाजरेपणाचा आव न आणता आणि उथळपणाही न करता सांगते. ज्या मध्यमवर्गीय घरात पत्नीने असे एक वाक्य उच्चारणे कठीण होते, तेथे हे बोल रेडिओवरून, लताबाई-आशाबाईंच्या प्रतिष्ठित आवाजात आले. त्यांनी किती संसारांत कोंडलेले शब्द मोकळे केले असतील, याची मोजदाद नाही.

लावणीतही स्त्रीच बोलते, पण तेथे प्रसंग वेगळा. फडाची लावणी ढोलकीच्या कडकडाटात समोरच्या गर्दीसाठी असते. बैठकीची लावणी अधिक नाजूक. यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या गायिकांनी ती ठुमरीच्या तोलाने मांडली. पण तीदेखील पाहण्या-ऐकण्याची कला आहे, लक्ष मागणारी. पार्श्वभूमीला ठेवून तिच्याकडे दुर्लक्ष करणे हा त्या कलेवर अन्याय होईल.

शब्दांकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. मराठी आणि हिंदीतील उत्तमोत्तम प्रेमगीतांचा मोठा भाग विरहाचा आहे. चाल गोड, आवाज मधुर आणि आशय मात्र सोडून गेलेल्या प्रियकराचा. गझलेत तर तक्रार हाच स्थायीभाव. भटांच्या उपरोक्त गीतांतही एकसारखेपणा नाही. 'मालवून टाक दीप' हे निमंत्रण आहे. 'तरुण आहे रात्र अजुनी' हे पाठ फिरवून झोपलेल्या जोडीदाराला उद्देशून आहे. ज्या घरात पती रोज दमून झोपी जातो, तेथे हे दुसरे गीत पत्नीने लावले तर तो टोमणा ठरू शकतो. कधी कधी टोमणाही हवा असतो, ही गोष्ट निराळी. पण केवळ 'रोमँटिक गाणी' या नावाखाली बाजारात मिळणाऱ्या संचांत हा भेद केलेला नसतो. तेथे मीलनाशेजारी विरह आणि विरहाशेजारी चक्क विदाईचे गाणे असते.

शब्दांची ही अडचण ओळखून पाश्चात्त्य देशांत वाद्यसंगीताच्या तबकड्या निघाल्या. जॅकी ग्लिसन यांची 'म्युझिक फॉर लव्हर्स ओन्ली' ही १९५२ ची ध्वनिमुद्रिका याच प्रकारची. राव्हेल या फ्रेंच रचनाकाराचे 'बोलेरो' (१९२८) मूळचे नृत्यनाट्यासाठी होते. १९७९ च्या 'टेन' या हॉलिवूडपटात शयनगृहातील प्रसंगी ते वापरले गेले आणि तेव्हापासून ते या कामासाठीच प्रसिद्ध झाले. सुमारे पंधरा मिनिटे एकच ताल चालू राहतो आणि आवाज वाढत वाढत कडेलोटापर्यंत जातो. दोन खोल्यांच्या घरात शेजारच्या खोलीतील सासऱ्यांना हा शेवट नक्की ऐकू जाईल.

लय आणि श्वास

संथ संगीताने मन निवते, या अनुभवाला शास्त्राचा काही आधार मिळाला आहे. इटलीतील लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'हार्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. १२ संगीतज्ञ आणि १२ संगीत न शिकलेल्या व्यक्तींना त्यांनी सहा प्रकारचे संगीत ऐकवले; त्यात भारतीय रागसंगीतही होते. जलद लयीने श्वास आणि हृदयाचे ठोके वाढले. संगीताची शैली कोणती, यापेक्षा लय किती, याचा परिणाम अधिक दिसला. सर्वांत लक्षणीय निष्कर्ष वेगळाच होता: मध्येच दोन मिनिटे संगीत बंद केले असता शरीर सर्वाधिक शांत झाले, संगीत सुरू होण्यापूर्वीपेक्षाही शांत.

अर्थात अभ्यास लहान होता आणि तो शयनगृहातील नव्हता. त्यावरून फार मोठे दावे करणे योग्य नाही. अमुक राग लावला की प्रणयेच्छा जागी होते, अशा जाहिराती अधूनमधून दिसतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. संगीत करते ते एवढेच: दिवसभराचा ताण उतरवते, बाहेरचे आवाज झाकते आणि न बोलता बसणे सुसह्य करते. ओळखीचे संगीत हे काम अनोळखीपेक्षा चांगले करते, कारण पुढे काय येणार हे कानाला ठाऊक असते आणि लक्ष गाण्याकडे न जाता जोडीदाराकडे राहते. नव्या गाण्याची ओळख करून देण्याची ही वेळ नव्हे.

भिंत, कूलर आणि मोबाइल

आवाज किती ठेवावा याचा सोपा निकष म्हणजे कुजबुज ऐकू आली पाहिजे. कुजबुज साधारण ३० डेसिबल आणि नेहमीचे बोलणे ६० डेसिबलच्या आसपास असते. संगीत या दोहोंच्या मधे, खालच्या बाजूला असावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनीही निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे.

भिंतीतून पलीकडे जाते ते गाण्यातील खालच्या पट्टीचे स्वर, म्हणजे तबल्याचा डग्गा, ढोलकीची धूम, बास गिटार. वरचे स्वर भिंत अडवते. म्हणून आतल्या खोलीत मधुर वाटणारे गाणे पलीकडे नुसते धप् धप् असे पोहोचते आणि भलत्याच शंका उत्पन्न करते. स्पीकरचा बास कमी करावा, तो सामाईक भिंतीला टेकवू नये आणि थेट फरशीवर वा लोखंडी कपाटावर ठेवू नये. बासरी, संतूर, सतार यांना ही अडचण फारशी येत नाही.

वऱ्हाडात उन्हाळ्याचे चार महिने हा सगळा विचार कूलरपाशी येऊन थांबतो. अकोल्याचा पारा ४५ अंशांकडे गेला की कूलरशिवाय झोप नाही आणि कूलरच्या घरघरीत बासरी ऐकू येत नाही. आवाज वाढवला तर कर्कशपणा येतो. त्यापेक्षा या दिवसांत घरघरीलाच पडदा मानावे. एकांत राखण्याचे काम ती कोणत्याही वाद्यवृंदाहून चोख करते.

मोबाइलने निवड सोपी केली, पण धोके वाढवले. फुकटच्या सेवेत दोन गाण्यांच्या मध्ये विम्याची जाहिरात येते. गाणी आपोआप पुढे सरकण्याची सोय चालू असेल, तर ठुमरीनंतर गणपतीची आरती लागण्याचे प्रसंग घडतात, कारण सकाळी त्याच मोबाइलवर आजींनी ती ऐकलेली असते. आठ-दहा गाणी आधीच निवडून, साठवून ठेवावीत, संदेशांचा आवाज बंद करावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने यंत्र आपोआप थांबेल असे करावे.

पसंती दोघांची

या विषयावर लिहिताना सर्वांत दुर्लक्षिली जाणारी बाब ही, की घरातील संगीताची किल्ली बहुधा एकाच्याच हाती राहिली. रेडिओचे बटण, कॅसेटची पेटी आणि आता मोबाइलचा पासवर्ड. पत्नीला काय ऐकायला आवडते, हे वीस वर्षांच्या संसारानंतरही न कळलेले पती विरळ नाहीत. तिला कदाचित गझल कंटाळवाणी वाटत असेल. कदाचित माहेरी ऐकलेली आकाशवाणीवरील 'आपली आवड'मधील गाणी तिला अधिक जवळची असतील. उलट पतीला गाण्याशिवायची शांतता हवी असेल आणि तो ते बोलत नसेल.

गाणे हा इशारा होऊन बसला की आणखी घोळ होतो. ठरावीक गाणे सुरू झाले म्हणजे जोडीदाराचा होकार गृहीत, असे होऊ लागले तर नकार देणे अवघड होते. दमलेली, आजारी किंवा केवळ मनात नसलेली व्यक्ती त्या गाण्याच्या पहिल्या सुराबरोबर आक्रसते. संगीत आणि प्रसंग यांची गाठ मनात फार घट्ट बसते. सुखद तशीच नकोशीही. एकेकाळचे आवडते गाणे मग स्वयंपाकघरात लागले तरी बंद करावेसे वाटते. हे टाळण्याचा मार्ग अवघड नाही. तीच गाणी दोघांनी एरवीही ऐकावीत, भाजी निवडताना, प्रवासात, कोजागरीला गच्चीवर मसाला दूध आटत असताना. गाणी दोघांनी मिळून, दिवसाउजेडी निवडावीत, एकाने चार, दुसऱ्याने चार. आणि ज्या रात्री गाणे लागेल त्या रात्री केवळ गाणे ऐकून झोपी जाण्याची मुभा असावी, जशी ती विविध भारतीच्या काळात होती.

गाणे थांबल्यावर

संगीत किती वेळ चालावे? अर्धा तास पुष्कळ झाला. त्यानंतर येणारी शांतता हा त्याच मैफलीचा भाग मानावा. मोझरीला राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय मौन श्रद्धांजली वाहतो. दिवसभर भजनांनी दुमदुमणाऱ्या परिसरात ती काही क्षणांची निःशब्दता सर्वांत जास्त ऐकू येते, असा तेथे गेलेल्यांचा अनुभव आहे. बर्नार्दी यांच्या प्रयोगातील दोन मिनिटांनीही वेगळे काही सांगितले नाही.

वात्स्यायनाने आपल्या प्रकरणाच्या शेवटी जोडप्याला गच्चीवर आणून बसवले आहे. चांदणे पडलेले, दोघे गप्पा मारत आहेत आणि नायक तिला अरुंधती, ध्रुव आणि सप्तर्षी दाखवत आहे. वऱ्हाडात मे महिन्यात अजूनही अनेक घरे गच्चीवरच झोपतात. शेजारच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या गाद्या पडलेल्या असतात, मधे कमरेएवढी भिंत. तेथे स्पीकर लावण्याची सोय नसते. कोणाच्या तरी उशाशी मोबाइल बारीक आवाजात वाजत असतो आणि तीन गच्च्यांवरची माणसे डोळे मिटून तो ऐकत असतात.